रिकाम्या खुराड्याचं दार

दिवस कलल्यावर आजही उठलेच मी. कडुनिंबावर साळुंक्यांचा कल्ला सुरू झाला, रस्त्यानं कापूस वेचून बाया परतू लागल्या, आणि माझे पाय आपोआप अंगणाच्या कोपऱ्याकडे निघाले. गुडघा कुरकुरला, त्याला म्हटलं गप. खुराड्याचं दार लोटलं, कडी सरकवली. खट्ट! आवाज झाला आणि मग आठवलं, आत कोणी नाही.

अकरा दिवस झाले बाई हे असं. अकरा संध्याकाळी मी रिकाम्या खुराड्याला कडी घालून आले आणि अकरा वेळा स्वतःला शिव्या घातल्या. तुम्ही म्हणाल, मग लावता कशाला? ते मला कळलं असतं तर लावलं असतं का!

आणि कडी तरी कशी, तर बघत राहावी अशी. माझा मुलगा सुधाकर अकोल्याला जठारपेठेत राहतो. त्यानं तिकडच्या कारागिराकडून लोखंडी चौकट करून घेतली, बारीक जाळी मारून घेतली, हिरवा रंग दिला आणि दिवाळीला येताना ते दार गाडीच्या टपावर बांधून वलगावला आणलं. बसवलं, दोनदा हलवून पाहिलं आणि म्हणाला, "आई, आता हत्ती आला तरी हलत नाही." हत्ती आलाच नाही ना बाबा. तो आला असता तर मी निदान त्याला पाहिलं तरी असतं.

सध्या माझी सहा अंडी कुंपणापलीकडे विमलच्या घरी, तिच्या पिवळ्या कोंबडीखाली आहेत. आज विसावा दिवस. एकविसाव्याला फुटली तर फुटली. नाही फुटली, तर माझ्या मायनं लग्नानंतर कोंबड्यांचं जे बियाणं डालग्यात घालून माझ्यासोबत पाठवलं, ते एवढी वर्षं माझ्या अंगणात चाललं आणि माझ्याच हातानं संपलं. इतकंच आहे सगळं. पण मला रात्री झोप नाही आणि दिवसा कशात लक्ष नाही.

मायचं खुराडं तेल्हाऱ्याकडच्या आमच्या गावात, घराच्या मागच्या भिंतीला टेकून होतं. पऱ्हाट्या उभ्या रोवलेल्या, म्हणजे कापूस निघून गेल्यावर उरतात ना त्या वाळक्या काड्या, त्यांच्यावर शेण-मातीचा गिलावा. वर पळसाची पानं. पावसाळ्यात त्या गिलाव्याला ओला, गोडसर वास यायचा आणि उन्हाळ्यात तोच वास करपल्यासारखा व्हायचा. दार म्हणजे एक फळी. तिला ना कडी ना कोयंडा. फळी लावायची आणि तिला काळा धोंडा टेकवायचा, बस्स. तो धोंडा मायशिवाय कोणाला हलत नसे. बाबा हलवायला गेले की माय म्हणायची, "तुमी राहू द्या, तुमचा हात निस्ता कापूस वेचनीचा हाय."

पण धोंडा शेवटी. त्याच्याआधी जे चालायचं, ते आज डोळे मिटले तरी दिसतं. दिवस कलला की माय ओंजळभर ज्वारीच्या कण्या घेऊन अंगणात उभी राहायची आणि गळ्यातून एक आवाज काढायची, तीऽ ती ती ती. एरवी तिचा आवाज जाडा. भांडली की चार घरं ऐकायची. पण कोंबड्यांना बोलावताना तो असा बारीक व्हायचा की ही कोण दुसरीच बाई, असं वाटायचं. आम्हा पोरांना तिनं त्या आवाजात कधी हाक मारली नाही. मला त्याचा राग यायचा. खरं सांगते, अजून येतो थोडासा.

कोंबड्या आत गेल्या की माय चुलीतली गार राख सुपात घेऊन खुराड्यात शिंपडायची, पिसवा होऊ नयेत म्हणून. मग कडुनिंबाचा ओला पाला पेटवायचा आणि धूर फळीच्या तोंडाशी धरायचा. आत पंखांची फडफड, बाहेर आमचे खोकले. आणि धूर विरला की माय गुडघ्यावर बसून, पदर खोचून, खांद्यापर्यंत हात आत घालायची. कधी कधी तर कंबरेपर्यंत आतच जायची. एकेक कोंबडी चाचपायची. छाती गरम आहे का, चोच कोरडी आहे का, पायाला काही चिकटलंय का. कोपरे चाचपायची. अंड्यांच्या टोपलीखाली हात घालायची. मला वाटायचं, आत साप असला तर? विचारलं तर म्हणाली, "असला तं हाताले थंड लागंन. थंड काय न् गरम काय, एवढं तं समजते मले."

त्या वेळी दारात कोणीही येवो, तिला फरक नाही. एकदा माझा मामा अकोटहून संध्याकाळच्या गाडीनं आला. खांद्यावर पिशवी, चालून चालून पाय धुळीनं पांढरे. मागच्या अंगणात आला तर बहीण अर्धी खुराड्यात, बाहेर नुसतं लुगडं आणि तळपाय. तो बिचारा हात जोडून उभा. शेवटी म्हणाला, "ताई, जयभीम घालतो व. पन तोंड कोनीकडे हाय तुह्यं?"

आतून आवाज आला, "थांब. दोन राहिल्या."

बाबा ओट्यावर बसून उकडलेल्या तुरीच्या शेंगा सोलत होते. ते म्हणाले, "साळेबुवा, बसा. कोंबड्या झोपल्याशिवाय या घरात पावन्याले पानी भेटत नाही. मी बी पावनाच हावो, एवढे वर्ष झाले." मामा हसून हसून खाली बसला. माय बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत राख होती, हाताला पिसं चिकटलेली आणि अंगाला तो वास. कोंबडीच्या पोटाखालचा उबेचा वास, त्यात धूर आणि राख. ती तशीच आम्हाला जेवायला वाढायची. भाकरीलाही तो वास यायचा. आज कोणी मला त्या वासाची भाकर दिली, तर मी... जाऊ द्या.

तिच्या कोंबड्या तांबूस, मानेशी काळे ठिपके, पाय सावळे. अंडी बेताची द्यायच्या, पण बसायला एक नंबर. एकदा बसली की हलायचं नाव नाही. वर धो धो पाऊस पडो, खाली मुंग्या लागोत. सातपुड्याकडून रानमांजर उतरायचं, घुशी जमीन पोखरायच्या. सगळं होतंच की तेव्हाही. तरी दर साली पिलं निघायची आणि अंगणभर त्यांची चिवचिव असायची. ऊन तापायला लागलं की माय अंडी बसवणं बंद करायची. वैशाखात बुद्धपौर्णिमेच्या खिरीसाठी घरं भरायची तेव्हा पिलं चांगली वाढून तलंगी, म्हणजे अंड्यावर यायच्या बेताची, झालेली असायची आणि पाहुण्यांच्या पायात पायात करायची.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाऊन परत निघाले, तेव्हा मायनं त्यातलीच एक तलंग डालग्यात घातली, वरून जुनं धोतर बांधलं आणि डालगं माझ्या मांडीवर ठेवलं. तेल्हाऱ्याहून एसटी. मी नवी नवरी, डोक्यावर पदर, शेजारी हे ताठ बसलेले, आणि मांडीवर कोंबडी. अकोटच्या अलीकडे ती जी ओरडली, सगळी गाडी वळून पाहायला लागली. कंडक्टर आला, धोतराची गाठ बघितली आणि म्हणाला, "नवरीसंगं करवली असते, मालूम हाय. पन पिसाची करवली आजच पाहून राहिलो बाप्पा!" ह्यांचे कान लाल झाले. अमरावती येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. पण घरी पोचल्यावर कपडेसुद्धा न बदलता त्यांनी एक फुटकं टिपाड आडवं केलं, त्याला फळकुटं ठोकली आणि त्या करवलीची सोय केली. तिचीच लेक, तिच्या लेकीची लेक, असं आजवर चाललं. कोणी मेली, कोणी विकली, कोणी पाहुण्याच्या ताटात गेली, पण मागं एक तरी राहायची. हे गेले, सुधाकर अकोल्याला गेला, सून आली, नातवंडं झाली. खुराड्यात मानेशी काळे ठिपके असलेली कोणी ना कोणी होतीच.

या वर्षी पावसाळ्यानंतर मात्र काय झालं कोण जाणे. जुनी फळी खालून कुजली होती. एके सकाळी एक कोंबडी गायब, चार दिवसांनी दुसरी. सगळीकडे पिसं. मी फळीला विटा लावल्या, बाभळीचे काटे लावले, पत्रा ठोकला, पोतं टाकलं. रोज संध्याकाळी नवा प्रकार. हाताला खिळे लागले. सुधाकर फोनवर म्हणे, "आई, सोड ना आता. मशीनची पिल्लं आणून देतो, पाहिजे तेवढी." मशीनची पिलं! बाजारात टोपलीत घेऊन बसतात, गुलाबी, हिरवी, रंगात बुडवलेली. मी म्हटलं, "तुले माय पायजे का मशीन पायजे, सांग." तर म्हणतो, "आई, तू कुठली गोष्ट कुठं नेते!"

आणि मग एके सकाळी खुराड्यावर विमलचा बोका बसलेला दिसला. चांगला गुबगुबीत, पंजा चाटतोय. माझं डोकंच फिरलं. मी कुंपणाशी जाऊन जे तोंड सोडलं, ते आता आठवलं की लाज वाटते. तीस वर्षांपासूनची शेजारीण माझी. ह्यांच्या आजारपणात तिनं माझ्या घरचा स्वयंपाक केला आहे. पण त्या दिवशी मी तिला बोलले, "तुह्या घरी खायले नाही काय त्याले? का तूच शिकवून पाठवते?"

विमल भांडी घासत होती. राखेचा हात तसाच वर करून म्हणाली, "त्याच्या तोंडाले एक पीस दाखव, अक्का. एक. मंग बोल."

पीस काही दाखवता आलं नाही. बोलणं बंद झालं. पुढं सुधाकरनं लोखंडी दार बसवलं, आणि मी मुद्दाम, तिला ऐकू जावं म्हणून, रोज कडी जोरात लावायला लागले. खट्ट! कशी वाजते बघ, असं. दार चांगलं अरुंद होतं, वाकायला जमत नव्हतं, आणि गरजही वाटत नव्हती. जाळीतून पाहायचं, चार दिसल्या की झालं. पाचवी आतल्या कोपऱ्यात टोपलीत अंड्यांवर बसलेली. तीच एक मायच्या बियाण्याची राहिली होती, बाकीच्या मिसळलेल्या. नऊ दिवस झाले होते तिला बसून. नऊ दिवसांत मी एकदाही आत हात घातला नाही.

त्या सकाळी कडी काढली आणि दार ओढलं, तर माझ्या पायावरून काहीतरी सळकन गेलं. भुरकट, लांब, शेपटी झाडूसारखी. तुळशीपाशी क्षणभर थांबून त्यानं मागं पाहिलं. मुंगूस. दुपारीच अंड्यांच्या वासानं आत शिरलेलं असणार, टोपलीमागं दडलेलं असणार. आणि मी संध्याकाळी त्याला आत घेऊन कडी घातली. लोखंडाची. जाळी एवढी बारीक, कडी एवढी घट्ट, की त्याचं काम आटोपल्यावर त्यालाही बाहेर पडता आलं नाही. दार उघडायची वाट बघत बसलं असेल ते माझी.

आतलं मी सांगत नाही. चौघी इकडंतिकडं होत्या. पाचवी टोपलीतच होती. उठलीच नव्हती ती. मानेला जखम, पण पंख पसरलेले तसेच. तिच्याखाली हात घातला. अंडी गरम होती.

चार फुटली होती, सहा शाबूत. मी ती पदरात घेतली आणि निघाले. कोणाकडे जाणार? गावात आता कोंबड्या पाळतं कोण, आणि त्यातही खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेली, कोंबडी कोणाकडे? कुंपणाशी गेले.

"व विमल."

"कोन हाय?"

"मी हावो."

"मी म्हंजे कोन? बोक्याचं वारंट घेऊन आली का?"

"तुही पिवळी खुडूक हाय ना अजून?"

"हाय. खुडूक मोडाले रोज पान्यात बुडवून राहिली तिले. काहून?"

मी पदर उघडला. तिनं अंडी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. "दुसरी चप्पल कुठं हाय तुही?" मला माहीत नव्हतं. "बोक्यानं केलं काय?"

"मुंगूस होतं. आत कोंडलं होतं मीनंच."

ती हसली असती तर बरं झालं असतं. हसली नाही. म्हणाली, "राजाची माफी माग."

"काय?"

"त्याचं नाव राजा हाय. त्याच्याकडे तोंड कर न् म्हन, चुकलं."

"विमल, अंडे थंडे होऊन राहिले व!"

"मंग लवकर म्हन."

म्हटलं मी. सत्तरी ओलांडलेली बाई, एका पायात चप्पल, पदरात अंडी, आणि चुलीपाशी बसलेल्या बोक्याला म्हणते आहे, राजा, चुकलं माह्यं. त्यानं जांभई दिली. विमलनं पिवळीला उचललं आणि अंडी तिच्याखाली सरकवली. मग उभी राहून म्हणाली, "बटईनं ठेवतो. अंडे तुहे, कोंबडी माही. निघाले तं तीन तुले, तीन मले. अन् माह्या खुराड्याले हात लावाचा नाही, सांगून ठेवतो."

आमच्याकडे बकरी, कोंबडी अशीच अर्ध्या वाट्यानं देतात, त्यात काही नवल नाही. पण हात लावायचा नाही, ही अट! तुम्हाला सांगते, हे अकरा दिवस मी कसे काढले. तिच्या खुराड्याला दार म्हणजे कुठल्याशा जुन्या पाटीचा पत्रा, त्याला एक वीट. वीटही अर्धी. आणि ती लावायची कधी, तर सिरीयल संपल्यावर. मी कुंपणापाशी उभी राहून बोलावते, "विमल, अंधार पडून राहिला." आतून आवाज, "जाहिराती लागू दे." पत्रा वारा आला की वाजतो. वीट तिरपी असते. माझा हात शिवशिवतो, पण काय करणार. आणि ती पिवळी! अर्धी खुडूक मोडलेली. दोन दिवस बसली, तिसऱ्या दिवशी उठून अंगणभर फिरायला गेली. भरदुपारी तासभर अंडी उघडी. मी इकडून हातवारे करते, ती तिकडून कण्या टिपते. माझ्या मायची कोंबडी मेली पण उठली नाही, आणि ही बया कण्यांसाठी उठते. एवढी चीड आली ना, की मी घरात येऊन दाळ निवडायला घेतली आणि निवडलेली परत खड्यांत ओतली.

मघाशी कडी लावून वळले, तर विमल कुंपणावरून हाक मारते आहे. सिरीयलची वेळ, आणि ही बाहेर. "अक्का, ये व. पान्यात पाहून घेऊ."

म्हणजे काय, तर फुटायला एक दिवस राहिला की अंडी कोमट पाण्यात सोडायची. तरंगतात सगळीच. पण आत जीव असला तर अंडं डोलतं.

तिनं ओट्यावर परात ठेवली होती. पाण्यात कोपर बुडवून पाहिलं, मला पाहू दिलं. वर पिवळा बल्ब. पहिलं अंडं सोडलं. थांबलो. ते नुसतं एका जागी उभं. काढलं. दुसरं. तेही तसंच. तिसरं विमलनं कानाशी नेलं, हलवलं, मान हलवली आणि बाजूला ठेवून दिलं. चौथं परातीच्या काठाला जाऊन टेकलं आणि तिथंच राहिलं. माझ्या तोंडून निघालंच, "फिराले जात होती ना तुही महारानी."

"बोलू नोको. पाचवं सोडतो."

पाचवं गेलं. काही नाही. आत टीव्हीवर कोणीतरी रडत होतं. विमल उठली, दार लोटून आली, परत बसली. सहावं तिनं माझ्या हातात दिलं. "तूच सोड."

मी सोडलं. ते बुडाल्यासारखं झालं, वर आलं, आणि मला वाटलं, जरासं झुकलं.

"हाललं!"

"तू परातीले धक्का देला."

"मी हातच नाही लावला व!"

"गुडघा लागला तुहा. मीनं पाहिलं."

"विमल, मी तुले सांगून राहिली, ते हाललं."

"मंग हात मागं घे. मी बी घेतो. गुडघे बी दूर."

घेतले. दोघी हात पाठीमागं बांधून वाकलो. माझी कंबर भरून आली होती, पण हलायची सोय नव्हती. श्वाससुद्धा पाण्यावर पडू नये म्हणून तोंड जरा बाजूला धरलं. अंडं मधोमध उभं. पाणी हळूहळू थांबत गेलं. इतकं थांबलं की परातीत बल्ब दिसायला लागला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघी, पांढरे केस, उघडी तोंडं.

मग अंड्यापासून एक बारीक लहर उठली आणि पाण्यातली आमची तोंडं मोडली.